कोरड्या विहिरीतली बुडी

आमच्या घरात फ्रीज यायचा होता, त्याऐवजी समुद्र आला. ट्रॅक्टरच्या एका शोरूमने सोडत ठेवली होती. आबांनी काही ट्रॅक्टर घेतला नव्हता, नुसता ऑइलचा डबा आणि एक फिल्टर घेतला होता, तरी त्यांना कुपन मिळालं. पहिलं बक्षीस मोटारसायकल, दुसरं फ्रीज आणि तिसरं चौघांच्या कुटुंबाला मालवणची सहल, स्कूबा डायव्हिंगसह. आबांची नजर फ्रीजवर होती. त्यांनी स्वयंपाकघरातली धान्याची कोठी सरकवून फ्रीजपुरती जागासुद्धा मोकळी करून ठेवली होती. निकालाच्या दिवशी ते हातात एक रंगीत पाकीट घेऊन आले, त्यावर पाठीला नळकांडं बांधलेला माणूस माशांच्या घोळक्यात तरंगत होता. आईने पाकीट बघितलं, मोकळ्या जागेकडे बघितलं आणि म्हणाली, "बरं, मग हितं समुद्र ठिवा." आणि ती भाकरी थापायला बसली.

आबा, म्हणजे माझे वडील, सैन्यातून सुभेदार होऊन परत आलेले. नोकरी सगळी राजस्थानच्या वाळूत नाहीतर लडाखच्या बर्फात, आणि काम रेशनच्या कोठारावर. समुद्र त्यांनी नकाशात पाहिला होता. आमचं आटपाडी तर असं गाव की प्यायचं पाणी टँकरने यायचं, आणि टँकरचा भोंगा ऐकला की ताटावरचं माणूस घास टाकून घागर घेऊन धावायचं. अशा गावातल्या अशा माणसाला समुद्राच्या तळाशी जायचं फर्मान आलं. दुसरा कुणी असता तर पाकीट मेहुण्याला देऊन मोकळा झाला असता. आबांनी सांगलीला जाऊन कुणाकडून तरी इंग्रजीत सोळा पानं छापून आणली आणि शब्दकोश मांडीवर घेऊन आठ दिवस बसले. 'लहान मुलांसह कुटुंबाने सुरक्षितपणे पाण्याखाली कसे जावे' याचे सोळा नियम त्यांनी आपल्या वळणदार अक्षरात उतरवले आणि तो कागद फ्रीजच्या जागेवर भिंतीला चिकटवला. पहिला नियम होता: सर्दी, कानदुखी किंवा ताप असल्यास कोणीही पाण्यात उतरू नये, आणि असे असल्यास लपवू नये. दुसरा: एकट्याने जाऊ नये, प्रत्येकाला जोडीदार हवा. असं करत सोळापर्यंत. माझ्या धाकट्या भावाला, बाळ्याला, ते रोज संध्याकाळी पाढ्यांसारखे म्हणावे लागत. त्या वेळी तो आठ वर्षांचा होता आणि मी बारा.

यातला सातवा नियम असा होता की पाण्याखाली श्वास रोखू नये, सावकाश घेत सोडत राहावा. तो सलीमचाचांनी वाचला आणि ते पोट धरून हसले. सलीमचाचांचं एसटी स्टँडसमोर मोटर रिवाइंडिंगचं दुकान. विहिरीत पंप पडला, फूटव्हॉल्व्ह अडकला, की आसपासच्या दहा गावांतून त्यांनाच बोलावणं यायचं. अंगात नुसती चड्डी, दातात दोरीचं टोक, आणि चाचा खाली. वर माणसं आकडे मोजत बसायची. आमच्याकडे माणसाची किंमत त्याच्या दमावर. तालमीत दम, मोटेवर दम, विहिरीत दम. चाचा आबांना म्हणाले, "सुभेदार, हे पानी न बघितलेल्या मानसानं लिवलंय. पान्याखाली श्वास घेतला तर मानूस मरंल का जगंल? पोरांचा दम वाढवा." आबांना ते पटलं. मलाही पटलं, खोटं कशाला बोलू. आबांनी लाल पेनने सातवा नियम खोडला आणि बाजूला सही करून तारीख टाकली. कोठारातली सवय, खाडाखोड केली की सही.

मग सराव सुरू झाला. आता सराव करायचा कुठे? शेजारच्या डाळिंबवाल्याचं शेततळं होतं, पण त्याला आबांनी सक्त मनाई केली. त्याच्या उतारावरचा प्लास्टिकचा कागद इतका निसरडा की एकदा पडलेलं माणूस वर येत नाही, पोहणारंसुद्धा. आबांनी मालकाच्या मागे लागून तळ्याच्या चारी बाजूंना गाठी मारलेले दोर सोडून घेतले आणि कुंपणाला कुलूप लावून घेतलं. या बाबतीत आबा शहाणे होते आणि मी ते आजही सगळ्यांना सांगते. राहिली आमची विहीर. ती चाळीस फूट खोल होती, तिला आत उतरायला दगडी पायऱ्या होत्या, आणि उन्हाळ्यात तिच्यात पाणी घोट्याएवढंसुद्धा नसायचं. तळाला नुसता थोडा चिखल आणि त्यात चार बेडकं. आबा काठावर उभे राहून बराच वेळ खाली बघत राहिले आणि म्हणाले, "खोली तर हाय की. पानी काय, मालवनला मिळंलच."

तेव्हा आम्ही कोरड्या विहिरीत बुडी मारायला शिकलो. सकाळी साडेसहाला खळ्यावर शिट्टी व्हायची. हजेरी. मग पाठीवर औषध फवारायचा रिकामा पंप, नळकांड्याच्या वजनाची सवय व्हावी म्हणून. तो आबांनी आधी सात वेळा धुऊन घेतला होता, आणि त्याच्या नळीला तोंड लावायचं नाही असा सतरावा नियम खास आमच्यासाठी केला होता. डोळ्यांना वेल्डिंगचा काळा चष्मा, त्यामुळे काही दिसायचं नाही. पण समुद्रात तरी कुठे दिसतं, असं आबांचं म्हणणं. कमरेला दोर. दोराला दर पाच फुटांवर गाठ. प्रत्येक गाठीला थांबायचं, नाक चिमटीत धरून हळूच फुंकायचं म्हणजे कान मोकळे होतात, जोडीदाराकडे बघून बोटांनी ठीक आहे अशी खूण करायची, त्याने उलट खूण केली की पुढच्या गाठीला. माझे जोडीदार आबा. बाळ्याचे जोडीदार सलीमचाचा. तळाला पोचलो की चाचा ओरडायचे, "धर दम," आणि आम्ही गाल फुगवून चिखलात उभे. बाळ्या एकदा साठपर्यंत गेला आणि चक्कर येऊन बेडकांत बसला. त्याचं मोठं कौतुक झालं.

वर येताना तर आणखी हळू यायचं. घाईने वर आलं की रक्तात बुडबुडे होतात, असं आबांनी सोळा पानांत वाचलं होतं. पहिल्या आठवड्यात लोक काठावर बसून हसायचे. पण वैशाखातलं ऊन, आणि विहिरीच्या तळाला असा गारवा की विचारू नका. दुसऱ्या आठवड्यात शेजारचे तात्या खाली येऊन बसले. मग त्यांचे दोन मित्र आले, एक पोतं आलं, पोत्यावर पत्ते आले. समुद्राच्या तळाशी दुपारभर डाव चालायचा. आबांची एकच अट होती की नियम सगळ्यांना सारखे. खाली उतरायचं ते जोडीने, आणि वर जायचं ते प्रत्येक गाठीला एक एक मिनिट थांबून. एकदा तात्यांना घाईची लागली. ते तिसऱ्या गाठीपाशी पाय आवळून उभे आणि वर आबा घड्याळ बघत. "सुभेदारा, सोड की रं. सत्तर वर्सांचा मानूस मी." आबा म्हणाले, "अजून वीस सेकंद, तात्या. बुडबुडं वय बगत न्हाईत." तात्यांनी आबांना दिलेल्या शिव्या विहिरीत घुमून दुप्पट झाल्या. त्या मी इथे लिहीत नाही, पण माझ्या तोंडात जे थोडं भाषावैभव आहे त्याचा पाया तिथला.

घरात आईचे हाल वेगळे. हुलग्याचं माडगं, म्हणजे पातळ कढण, बंद झालं, कारण पोटात वायू असेल तर खाली तो काय करील याचा नेम नाही, असा आबांचा निष्कर्ष. आमच्या घरी हुलग्याशिवाय दिवस उजाडायचा नाही. आईने ऐकून घेतलं आणि स्वतःपुरतं माडगं करून ती सगळ्यांसमोर भुरके मारत प्यायली. तिला सरावाला कुणी बोलावलंच नाही. आम्हाला ते वावगंही वाटलं नाही. आई काठावर बसून कपडे सांभाळील आणि भाकरीचं गाठोडं बघील हे धरलेलंच होतं. तिचं आणि आबांचं खरं भांडण झालं ते घमेल्यावरून. चष्म्यात पाणी शिरलं तर घाबरू नये म्हणून मला रोज पहाटे घमेल्यात तोंड बुडवून दम धरायला लावत, आणि पाणी टँकरचं. आई म्हणायची, "प्यायाचं पानी हाय आवं. पोरगी काय त्यात भांडं हाय का विसळायला?" आबा म्हणायचे, नंतर तेच पाणी कोथिंबिरीला जातं. महिनाभर रोज गार पाण्यात नाक बुडवल्यावर जे व्हायचं तेच झालं. निघायच्या तीन दिवस आधी मला सणसणीत सर्दी झाली.

तोवर गावात फ्लेक्स लागला होता. एसटी स्टँडसमोर, सलीमचाचांच्या दुकानाच्या वर. 'आटपाडी तालुक्यातील पहिले समुद्रतळवीर कुटुंब यांना हार्दिक शुभेच्छा, समस्त मित्रमंडळ.' मध्ये गणवेशातले आबा, एका बाजूला वेल्डिंगचा चष्मा घातलेली मी, दुसऱ्या बाजूला बाळ्या, आणि खाली शुभेच्छुकांचे एकवीस चेहरे. आईचा फोटो जागेअभावी बसला नाही. परत आल्यावर शोरूमवाले मंडप घालून सत्कार करणार आणि आबा समुद्रतळाचा अनुभव माइकवर सांगणार असं ठरलं होतं. मी नाक ओढत त्या फ्लेक्सखालून किराणा आणायला जायचे. सर्दीचं आईशिवाय कुणाला बोलले नाही. आई रात्री ओव्याची पुरचुंडी तव्यावर गरम करून माझ्या नाकाशी धरायची, आणि आबा खोलीत आले की आम्ही दोघी गप्प. खरं सांगते, मला जायचं होतं. सगळ्या वर्गात फक्त मी जाणार होते. समुद्राच्या तळाशी जाऊन आलेली नंदा, असं मला आयुष्यभर म्हणवून घ्यायचं होतं.

सांगली, कोल्हापूर करत आमची एसटी घाटाला लागली आणि उतारावर माझा उजवा कान बंद झाला. आधी नुसता दडा बसला, मग आतून कुणी दाभण घालावं तसं दुखायला लागलं. मी जांभया दिल्या, आवंढे गिळले, नाक धरून फुंकलं. महिनाभर कोरड्या विहिरीत केलेलं ते सगळं या खऱ्या उतारावर केलं आणि काही उपयोग झाला नाही. आबा शेजारीच होते. त्यांनी बघितलं. पहिला नियम त्यांनीच लिहिलेला, तेव्हा त्यांना कळलं नाही असं म्हणायची सोय नाही. ते म्हणाले, "घाट संपला की सुटंल." घाट संपला, कोकण आलं, फणसांचा वास आला, माझा कान सुटला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मालवणच्या किनाऱ्यावर माडाच्या झापांच्या एका शेडमध्ये आम्हाला बसवलं. पाण्यात नेणारा मुलगा विशी-पंचविशीचा, उन्हाने काळाभोर झालेला, बोलायला फार शांत. त्याने आधी बाळ्याला वय विचारलं. आठ. "दहाच्या आतल्या मुलांना खाली नेत नाही, काका." बाळ्याने भोकाड पसरलं. साठ आकडे दम धरतो म्हणून त्याने तिथेच गाल फुगवून दाखवले. तो मुलगा हसला आणि म्हणाला, "श्वास रोखायचाच नाही बाळा. हा आमचा सगळ्यात मोठा नियम. रोखून वर आलास तर छातीत इजा होते." आबांनी माझ्याकडे बघितलं, मी आबांकडे. लाल पेनची ती सही आम्हा दोघांच्या डोळ्यांसमोर एकदमच आली असणार. मग त्याने फॉर्म दिले. आबांनी स्वतःचा फॉर्म भरला. रक्तदाब आहे का, या प्रश्नाला त्यांनी ठळक अक्षरात 'होय, गोळी चालू' लिहिलं. छापील कागदावर खोटं लिहायचं नाही हा त्यांचा धर्म होता. मुलाने ते वाचलं आणि डॉक्टरांचं पत्र असल्याशिवाय नेता येणार नाही म्हणाला. आबांनी मान हलवली. नियम म्हणजे नियम.

राहिले मी. माझ्या फॉर्ममध्ये चौथा प्रश्न होता: सध्या सर्दी किंवा कानदुखी आहे का? आबांचं पेन तिथे थांबलं. त्यांनी समुद्राकडे बघितलं, मग मला शेडच्या खांबाआड घेऊन गेले आणि बारीक आवाजात म्हणाले, "नंदा, सर्दीचं बोलू नगंस. जरासं खाली जायाचं, फोटू काडायचा, की वर. मागारी गेल्यावर लोकं काय म्हनतील?" आबांना इतक्या बारीक आवाजात बोलताना मी कधीच ऐकलं नव्हतं. मी हो म्हणाले. मला भीती वाटत होती, कानात ठणका लागला होता, आणि तरी मी हो म्हणाले, कारण फ्लेक्सवर मीही होतेच. आबांनी परत येऊन चौथ्या प्रश्नापुढे 'नाही' लिहिलं. तेवढ्यात मागून आई आली. तिने भाकरीचं गाठोडं बाकावर ठेवलं, आबांच्या हातातला फॉर्म घेतला आणि त्या मुलाला म्हणाली, "हिला सर्दी हाय. कालपासनं कान धरून बसलीया. ही न्हाई जायाची. माजं नाव लिवा."

मुलाने विचारलं, "मावशी, पोहता येतं?" आबा म्हणाले, "न्हाई." आई म्हणाली, "येतं." आबांनी तिच्याकडे असं बघितलं की बाई कुठल्या गावची. आणि प्रश्न तोच होता. आईचं माहेर आष्ट्याच्या पलीकडचं, कृष्णाकाठचं. "पावसाळ्यात म्हशीची शेपूट धरून पल्याड जायाचो आमी," ती म्हणाली. आबा म्हणाले, "कवा बोलली न्हाईस." आई पदर खोचत म्हणाली, "आटपाडीत कुटं पव्हून दावू?" मुलाने शांतपणे सगळा फॉर्म तिच्याकडून भरून घेतला. रक्तदाब नाही, दमा नाही, सर्दी नाही. मग मंगळसूत्र आत घालायला लावलं, तिला रबरी पोशाख चढवला, आणि कमरेएवढ्या पाण्यात नेऊन अर्धा तास नळीतून श्वास घ्यायला शिकवलं. तिला ते पहिल्या खेपेलाच जमलं. तिला दम धरायला कुणी शिकवलंच नव्हतं, त्यामुळे विसरायला काही नव्हतं.

आम्ही होडीत बसून राहिलो आणि आई त्या मुलाचा हात धरून खाली गेली. आबांच्या एका हातात घड्याळ, तोंडात शिट्टी. पाच मिनिटं झाल्यावर त्यांनी शिट्टी वाजवली. नाखवा म्हणाला, "काका, खाली ऐकू जात नाही." आबांनी मान हलवली आणि दोन मिनिटांनी पुन्हा वाजवली. वर येणारे बुडबुडे ते मोजत होते, आणि मध्येच बुडबुडे होडीखाली गेले की दुसऱ्या बाजूला धावायचे, त्यामुळे होडी कलायची आणि नाखवा ओरडायचा. बाळ्याने हळूच विचारलं, "आबा, आईचा जोडीदार कोन?" आबांनी त्या मुलाकडे, म्हणजे तो गेला होता तिथल्या पाण्याकडे, बोट दाखवलं. पंधरा मिनिटांनी आई वर आली. तोंडातली नळी काढून तिने पहिला प्रश्न विचारला, "नंदाला दवाखान्यात न्हेलं का?" भर समुद्रात, होडीतून आम्ही कुठे नेणार होतो. खाली काय बघितलं हे आम्ही विचारलं ते परत येताना. ती म्हणाली, "मासं व्हतं लय. एक पिवळा, पट्ट्यापट्ट्याचा, माज्या तोंडाम्होरं येऊन बगत व्हता. मीबी त्याला बगत व्हते. कुनालाच घाई नव्हती."

मालवणातच आबांनी मला डॉक्टरकडे नेलं. डॉक्टरीणबाईंनी कानात बॅटरी मारून बघितलं आणि पडदा सुजलाय म्हणाल्या. पाण्याखाली नेली असती तर तो फाटायची शक्यता होती, असंही सहज सांगितलं, मग चिठ्ठी लिहायला घेतली. आबा हातात टोपी धरून उभे होते. परतीच्या घाटात ते सबंध रस्ताभर माझ्या कानाजवळ हात धरून बसले, जणू वारा लागून काही व्हायचं होतं. मी झोपेचं सोंग घेतलं होतं, नाहीतर त्यांनी हात काढला असता. माणसाने माफी कशी मागावी याचा नियम त्यांच्या सोळांत नव्हता, आणि मला त्या वयात ती मागून घ्यायची अक्कल नव्हती. आज कुठल्याही सहलीच्या फॉर्मवर लोक न वाचता सह्या ठोकतात तेव्हा मी प्रत्येक ओळ वाचत बसते, मागची माणसं वैतागतात, वैतागू देत.

गावात मंडप तयार होता. शोरूमवाले होते, तात्या होते, सलीमचाचा पहिल्या रांगेत होते. आम्हाला स्टेजवर बसवलं. आईसाठी खुर्ची कमी होती, ती चाचांनी खालून उचलून दिली. आबांच्या खिशात भाषण होतं, महिनाभर आधी लिहिलेलं, त्यात प्रवाळ आणि निळाई असे शब्द होते. ते माइकपुढे उभे राहिले, कागद काढला आणि परत खिशात घातला. मग म्हणाले, "खाली मी गेलो न्हाई. पोरंबी गेली न्हाईत. ह्यांची आई गेली, तिला पोव्हायला येतं, मला ठावं नव्हतं. पोरीचा कान दुकत व्हता. त्ये मात्र मला ठावं व्हतं. मीच तिला म्हनलं, बोलू नगंस. सोळा नियम मी लिवलं आन् पयला मीच मोडला. पोरी, चुकलं माजं." टाळ्या वाजवाव्यात की नाही हे मंडपात कुणाला समजेना. कर्णा माझ्या उजव्या, दुखऱ्या कानाच्या बाजूलाच बांधला होता. आबांचा शब्द न् शब्द मी दोन्ही कानांनी ऐकला.